दोन विती लांब गेलेलं रक्त

ये गं मुग्धा, कागदावर का होईना, अशी जवळ येऊन बस. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही, आणि माझा आवाजही आता पूर्वीसारखा पोचत नाही. तो मोबाईल आधी उलटा ठेव. मागच्या खेपेला आलीस ती अर्धा चहा कपातच सोडून निघालीस, आणि फाटकातून मागे वळून काय म्हणालीस, तर "आत्या, तू नर्स होतीस ना, त्यावर लिही की आमच्या दिवाळी अंकाला." सख्ख्या भावाची लेक तू. आत्या इतकी वर्षं काय करत होती हे तुला ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटलं. रागावले नाही. पण लिहायचंच तर आधी तुझा घोळ निस्तरते.

मी नर्स नव्हते. डॉक्टर तर नव्हतेच. मी पंप चालवायचे. भातशेतीवरचा नव्हे, हृदयाचा.

हृदय उघडून आत दुरुस्ती करायची तर ते काही वेळ थांबवावं लागतं. पण हृदय थांबलं म्हणून डोकं आणि मूत्रपिंडं थांबून राहत नाहीत, त्यांना रक्त लागतंच. मग काय करायचं, तर शरीरातलं रक्त जाड नळीने बाहेर घ्यायचं, यंत्रातून फिरवायचं, तिथे त्याला प्राणवायू मिळतो, आणि दुसऱ्या नळीने ते परत आत सोडायचं. तेवढा वेळ त्या माणसाचं हृदय आणि फुप्फुस म्हणजे आमचं यंत्र. आणि यंत्राच्या बटणावर हात माझा.

तू विचारशील, माणगावच्या आतल्या गावातली दहावीसुद्धा न झालेली बाई या यंत्रापाशी पोचली कशी. पनवेलच्या बाजूला हायवेवर आमचं रुग्णालय होतं, तिथे मी आया म्हणून लागले. काम काय, तर फरशी पुसायची, हत्यारं धुवायची आणि बर्फ फोडून द्यायचा. तेव्हा हृदय गार करायला बर्फ लागायचा. यंत्रावर एक म्हातारे काका होते. त्यांची नजर कमी झाली तशी ते मला हळूच विचारायचे, "बघ गं, काटा कुठे आहे?" मी सांगायचे. इंग्रजी आकडे मी त्या यंत्रावर शिकले, अक्षरं औषधांच्या बाटल्यांवर. काकांचे डोळे होता होता मी त्यांचा हातही झाले. ते गेल्यावर बदली माणूस मिळेना, आणि आमच्या सर्जनसरांनी मला त्या स्टुलावर बसवलं. आता या कामाला पदवी लागते. लागावीच. पण मी बसले ती निवृत्त होईपर्यंत उठले नाही.

आता रक्ताचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. यंत्राच्या नळ्या रिकाम्या ठेवून चालत नाही. हवेचा बुडबुडा आत गेला तर माणूस गेला. म्हणून त्या आधी सलाईनच्या पाण्याने भरायच्या. ते पाणी पुढे माणसाच्या रक्तात मिसळतं. दाट आमटीत तांब्याभर पाणी ओतल्यावर जे होतं ते रक्ताचं होतं. आमच्याकडे त्यावर सोपा उपाय होता. पातळ झालं की रक्तपेढीतून दुसऱ्याच्या रक्ताची पिशवी आणायची आणि घालायची. म्हणून ऑपरेशनआधी नातेवाइकांना सांगायचं, रक्त देणारी माणसं आणा. कुणामागे किती माणसं आहेत ते मला रक्तपेढीबाहेरच्या बाकावर दिसायचं. कुणाची अख्खी आळी यायची, कुणाचा एकटा जावई.

आणि प्रश्न काय काय विचारायची माणसं. एक दुकानदार आपल्या वडिलांसाठी म्हणाले, "ताई, शाकाहारी माणसाचं रक्त मिळेल का?" मी सांगितलं, पिशवीवर गट लिहितात, जेवण लिहीत नाहीत. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग निदान सोमवारी दिलेलं बघा." दुसरी एक बाई नवरा बरा होऊन घरी गेल्यावर महिन्याने भांडायला आली. "कुणाचं रक्त दिलंत हो? हे आयुष्यात मासळीला शिवले नव्हते, आता सुकटीशिवाय घास उतरत नाही." आम्ही पंपाच्या खोलीत दोन दिवस हसत होतो.

नागूबाई आली तेव्हाही मला आधी तसंच वाटलं. आलं आणखी एक विचित्र गिऱ्हाईक.

ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. पन्नाशीची, सडसडीत, अलिबागच्या बाजारात मासळी विकणारी. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, त्या तापाने हृदयाची एक झडप कडक करून ठेवली होती. दारासारखी उघडायची ती झडप फटीएवढीच उघडायची. डोक्यावर पाटी घेतली की दहा पावलांत दम लागायचा. झोपायचं ते उशांना टेकून, बसल्या बसल्या. झडप बदलल्याशिवाय फार दिवस नाहीत, असं तिला आधीच्या दोन रुग्णालयांनी सांगितलं होतं, आणि दोघांनीही परत पाठवलं होतं.

का परत पाठवलं ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ हरेश्वर आला होता. स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस. टेम्पोतून त्याच्यामागे खलाशी, चुलते, मेहुणे अशी चौदा माणसं उतरली. सगळी रक्त द्यायला आलेली. शर्टाच्या बाह्या टेम्पोतच वर केलेल्या. सरांना एवढे दाते बघून बरं वाटलं. तेवढ्यात नागूबाई म्हणाली, "डॉक्टर, आपरेशन करा. पन मना कुनाचं रगत नको."

सरांना वाटलं, घाबरली. ती घाबरलेली नव्हती. बाजारात तिच्याकडून मासळी घेणाऱ्या दोन बाया होत्या. त्यांच्यामुळे ती ख्रिस्ती लोकांतल्या एका छोट्या पंथात जायला लागली होती. त्यांचं मानणं असं की रक्त म्हणजे जीव, तो देवाचा, एकाचा काढून दुसऱ्यात घालायचा नाही. जीव गेला तरी नाही.

हरेश्वर मधेच बोलला. "डॉक्टर, तिचं ऐकू नका. आई गेल्यावर हिनं मना वाढवलाय. माझं रगत तिचंच हाय."

"मी तुला भात घातला, हरेश्वर," नागूबाई म्हणाली. "रगत न्हाय घातलं."

"बाय, मरशील."

"मरंन तर मरंन. मंग डॉक्टरला बोलू नको."

सरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीत आले आणि मला म्हणाले, "ताई, तुमच्या नळ्यांमधलं पाणी किती कमी करता येईल?"

मुग्धा, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. नळ्या जेवढ्या लांब यायच्या तेवढ्या जोडायच्या, एवढंच मला माहीत. मी टेप घेऊन बसले. यंत्र टेबलाच्या किती जवळ जाईल, कुठली नळी उगाच वळसा घेते, कुठे जाडऐवजी बारीक चालेल. सुट्टीच्या दिवशी नुसतं पाणी फिरवून पाहिलं. शेवटी यंत्र इतकं जवळ सरकवलं की माझे गुडघे टेबलाच्या पायाला टेकायचे, पण पाणी निम्म्याच्या आसपास आलं. शिवाय यंत्र सुरू करण्याआधी तिच्याच रक्ताला नळीत हळूहळू येऊ द्यायचं आणि पुढचं पाणी ढकलून बाहेर काढायचं, ही युक्ती सरांनी कुठूनशी वाचून आणली.

मग मी रक्त कुठे कुठे वाया जातं ते बघायला लागले, आणि मला माझीच लाज वाटली. तपासणीसाठी रक्त काढताना आधीचं थोडं ओढून फेकून द्यायची पद्धत होती, कारण नळीत सलाईन असतं. एका रुग्णाचं एका दिवसाचं फेकलेलं मी जमवून बघितलं. अर्धा कप भरला. रोज अर्धा कप आम्ही बेसिनमध्ये ओतत होतो आणि बाहेर नातेवाइकांना माणसं आणा म्हणत होतो. नागूबाईसाठी तान्ह्या बाळांच्या तपासणीच्या बारक्या बाटल्या मागवल्या. भूल देणाऱ्या मॅडमनी तिला लोहाची इंजेक्शनं सुरू केली, मूत्रपिंडाच्या रुग्णांना देतात तेही एक इंजेक्शन दिलं, आणि दीड-दोन महिन्यांत तिचं रक्त छान दाट झालं. ती दर आठवड्याला यायची, येताना आमच्या सगळ्यांना मासळी आणायची.

त्या दिवसांत संमतीचा कागद तयार करायचं काम माझ्याकडे आलं. काय चालेल आणि काय नाही, हे तिला समजेल अशा भाषेत विचारायला दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. खरं सांगते, ते माझं काम कमी आणि माझी उत्सुकता जास्त होती.

"यंत्रातून फिरवलेलं रक्त चालेल?"

"कुनाचं?"

"तुझंच."

"फिरून माझ्यातच येल ना?"

"हो."

"मंग ते अंगातच फिरलं की. जरा लांबून."

मी तसं लिहिलं. मग पिशवीचं विचारलं. यंत्र सुरू करण्याआधी तिचंच एक पिशवीभर रक्त काढून बाजूला टांगायचं आणि शेवटी परत द्यायचं, असं सरांच्या मनात होतं. ते रक्त पाणी न मिसळलेलं, ताजं. ऑपरेशननंतर शिवणीतून झिरपणारं थांबवायची ताकद त्यात असते.

"बाजूला म्हंजे कुठं?" तिने विचारलं.

"स्टँडवर. तुझ्यापासून दोन विती."

"आनि नळी?"

"नळी काढून ठेवतो."

तिने मान हलवली. "न्हाय. नळी काढली म्हंजे ते गेलं. मंग ते माझं न्हाय ऱ्हायलं. नळी लावूनच ठेवा, मंग चालंल."

"दोन विती लांब असलं तरी?"

"लांब असलं तरी. जोडलेलं हाय ना."

"आणि समजा नळी सुटली?"

"सुटली तर वतून टाका," ती म्हणाली, अगदी सहज, शिळी मासळी टाका म्हणावं तसं.

मला गंमत वाटली. मी विचारलं, "नागूबाई, तू रोज मासळी कापतेस, त्या रक्ताचं काय?"

"धुते ना. बाजारात माझ्याइतकी मासळी कुनी धूत न्हाय. गिऱ्हाईक म्हनतं, नागूबाईची मासळी पांढरी असते."

कागदावर मी माझ्या अक्षरात लिहिलं, शरीराशी नळीने जोडलेलं असेल तोवरच. तिने अंगठा उमटवला. पण माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. आपलं म्हणजे कुठपर्यंत आपलं? कापलेलं नख आपलं नसतं, ते कुणी कचऱ्यात टाकलं तर आपल्याला काही वाटत नाही. बाळाची नाळ कापली की त्याच क्षणापासून ते वेगळं माणूस होतं. मग रक्ताचंही तसं का नसावं? मी तिच्या पंथाची नाही, मला रक्त देणं हे पुण्याचंच वाटतं. पण तिचं म्हणणं वेडगळ आहे, असं मला त्यानंतर म्हणता आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. ती पंधरा माणसं त्या दिवशी समुद्रावर गेली नाहीत. कागद झालेला आहे, कुणाचं रक्त घ्यायचं नाही, हे हरेश्वरला ठाऊक होतं. तरी आणली. "असू दे बाहेर," एवढंच म्हणाला.

पिशवी मॅडमच्या बाजूला टांगायची, तर तिथे औषधांच्या यंत्रांची गर्दी होती. म्हणून ती माझ्या बाजूच्या स्टँडवर आली, माझ्या नळ्यांच्या शेजारी. त्या वेळी त्यात कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

यंत्र चाललं. इतकं सुंदर चाललं की काय सांगू. रक्त मी कधी नव्हे एवढं दाट बघत होते. सरांनी जुनी झडप काढली, नवी धातूची बसवली, हृदय शिवलं, आणि ते आपणहून धडधडायला लागलं. मी यंत्रातला शेवटचा थेंबसुद्धा तिला परत दिला. मग यंत्र बंद करायची वेळ आली. ते कसं करतात सांगते. नळीला एक चिमटा, त्याच्याशेजारी दुसरा चिमटा, आणि मधून नळी सोडवायची. एक नळी, मग दुसरी, मग तिसरी. हजारो वेळा केलेलं. त्याला डोकं लागत नाही, हातच करतात.

मॅडम म्हणाल्या, "पिशवी सुरू करू या."

मी स्टँडकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. पिशवीच्या नळीचं सुटं टोक माझ्या बोटांत होतं. दोन्ही बाजूंना चिमटे लावलेले, अगदी नीट, जसे लावायचे असतात तसे.

मॅडमनीही बघितलं. त्या म्हणाल्या, "आत्ताच सुटली आहे. निर्जंतुक आहे. जोडता येईल."

सरांनी वर बघितलं. शिवणीतून रक्त झिरपत होतं, ते त्यांना दिसत होतं, मलाही. ती पिशवी हवीच होती. ते म्हणाले, "ताई, कागद तुम्ही केलात. काय ठरलं होतं?" त्यांना पाठ होतं. तरी विचारलं.

मी म्हटलं, "सुटली तर ओतून टाका म्हणाली होती."

"पण हे तिचंच आहे," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचं कुणाचं नाही."

"तिच्या हिशेबाने आता तिचं राहिलं नाही, मॅडम. नको जोडायला."

हा 'नको' मी उच्चारला, मुग्धा. चूक माझी, आणि ती सुधारू नका म्हणणारीही मीच. नागूबाई गेली असती तर दोन्ही माझ्याच पदरात होतं. सर म्हणाले, "टाकू मात्र नका. फ्रिजमध्ये ठेवा. उद्या जागी झाली की तिलाच विचारू." आणि मग ते तासभर तिथेच उभे राहिले, एकेक झिरपणारी जागा शोधत, दाबत, टाके घालत. माझं काम संपलं होतं. तरी मी खोलीतून हलले नाही.

दुपारी अतिदक्षता विभागाच्या दाराशी हरेश्वर उभा होता. मी त्याला सांगितलं, झडप छान बसली आहे, पण रक्त फार कमी झालं आहे, आणि तिची पिशवी होती तिची नळी सुटली, म्हणून ती दिली नाही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आमी पंधरा मानसं इथं रगत घेऊन बसलोय. आनि तिचंच तिला द्यायला तुमी नको बोलता?"

"तिने लिहून दिलंय, दादा."

"ती झोपेत हाय, ताई. तुमच्या हातात हाय सगळं. तिला कोन सांगनार हाय?"

मी म्हटलं, "मी सांगणार." फार ठाम आवाजात म्हटलं. तो आवाज मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गुंगी कमी केली. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, पण डोळे स्वच्छ उघडे होते. तिच्या रक्ताचा आकडा, म्हणजे हिमोग्लोबिन, सहाच्या आसपास आला होता. धडधाकट बाईचा बारा-तेरा असतो. मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "नागूबाई, ऑपरेशन झालं. पिशवीची नळी सुटली. तुझं रक्त तसंच फ्रिजमध्ये आहे. थोडा वेळ अजून देता येईल, मग नाही. देऊ?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, परत झोपली. मग तिने हात उचलला, आणि पंगतीत वाढपी आला की आपण पानावर आडवा धरतो ना, तसा हवेत आडवा धरला.

ती पिशवी नियमाप्रमाणे जायची तिथे मी माझ्या हाताने टाकली.

पुढचे पाच दिवस मी तुला सविस्तर सांगत नाही. आकडा पाचाच्या खाली गेला. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागतं. द्यावं तर झिरपायची भीती, न द्यावं तर गुठळीची. मॅडम रोज सकाळी चिमूटभर वाढवायच्या, दुपारी येऊन बघायच्या. तिला झोपवून ठेवलेलं, यंत्रावर श्वास, ताप येऊ द्यायचा नाही, कूस बदलायची तीही हलक्या हाताने, तपासणी दिवसाआड आणि तीही बाळांच्या बाटलीत. हरेश्वरने माणसं परत पाठवली आणि स्वतः बाकावर बसून राहिला. बहिणीला कळणार नाही अशा बेताने एकवीरेला नवस बोलला, हे मला वॉर्डबॉयने सांगितलं. माझ्याकडे तो बघत नव्हता.

सहाव्या दिवशी सर पंपाच्या खोलीत आले, माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, वर सरकलाय. अर्धाच, पण वर." मग माझा डबा उघडून त्यांनी न विचारता माझी पोळी-भाजी खाल्ली. मीही त्यांना खाऊ दिली. मला घास गेला नसता.

नागूबाई भिंतीला धरून पहिल्यांदा संडासापर्यंत चालली, त्या आठवड्यात टेम्पो पुन्हा आला. तीच माणसं, तशाच वर केलेल्या बाह्या. मी घाबरून बाहेर गेले. म्हटलं, "दादा, तिला नकोय अजूनही."

"ठाव हाय," हरेश्वर म्हणाला. "पन रगत द्यायला निघालेली मानसं. तशीच परत कशी नेऊ? कुनाला तरी लागंल."

पंधराही जणांनी दिलं. म्हणजे चौदा जणांनी नीट दिलं. तांडेलला, वादळात होडी काढणाऱ्या माणसाला, सुई बघूनच घेरी आली आणि तो बाकावरून खाली घसरला. त्याच्या डोक्यावर पाणी मारत एक खलाशी म्हणाला, "तांडेल, उठा. होडी आता कुनी हाकायची?" वर वॉर्डात नागूबाईला हे कुणीतरी सांगितलं, आणि छातीवरच्या टाक्यांवर उशी दाबून धरून ती हसली. मी दारात उभी राहून बघत होते.

त्यानंतर आमच्याकडे बरंच बदललं. आखूड नळ्या तशाच राहिल्या, सगळ्यांसाठी. बाळांच्या बाटल्या मोठ्या माणसांसाठीही आल्या. रक्त ओढून फेकायची पद्धत बंद झाली, ते परत द्यायला लागलो. पुष्कळ जणांना दुसऱ्याच्या रक्ताची गरजच पडेना. आम्ही इतकी वर्षं पिशव्या गरजेने फोडत होतो की सवयीने, हा प्रश्न एका मासळीवालीने आम्हाला विचारायला लावला, आणि तिने तर तो विचारलाही नव्हता. नंतर तिच्या पंथाची आणखीही माणसं आली. त्या सगळ्यांच्या पिशव्या मॅडमच्या बाजूला टांगल्या. माझ्या स्टँडवर मी परत एकही टांगू दिली नाही.

मला कुणी बोललं नाही, मुग्धा. सरांनी कागदावर लिहिलं, नळी सुटली. कुणी सोडवली ते लिहिलं नाही. तो त्यांचा मोठेपणा. पण रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

निवृत्त होऊन मी किहीमला आले. नागूबाई महिन्यातून दोनदा तरी येते, अलिबागचा बाजार आटोपून. पाटी पायरीवर ठेवते, पदराने वारा घेते. आता तिला दम लागत नाही. घर शांत असलं की तिच्या छातीतली धातूची झडप ऐकू येते, बारीक टिकटिक. ती म्हणते, "बघ, वाजतंय तुमचं." आम्ही मुलांचं बोलतो, भावाचं बोलतो, हरेश्वरला आता नातू झालाय. आणि मागच्या वर्षी एकदा, बोंबील साफ करता करता, तिने मान वर न करता विचारलं, "ताई, ती नळी कशी गं सुटली तवा?"

मी म्हटलं, "यंत्राचं काय सांगता येतं."

ती म्हणाली, "व्हय, यंत्रच ते." आणि पुढचा बोंबील घेतला.

ज्या यंत्राने मला शिकवलं, पोटाला घातलं, ज्याने तिला दोन तास जगवलं, त्याच्यावर मी माझी चूक ढकलली. तिला खरं सांगेन, असं मी तिच्या भावाला दारात उभी राहून म्हटलं होतं. पिशवीचं सांगितलं. हाताचं नाही सांगितलं. तेव्हा ती अशक्त होती म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आले. पण बोंबील साफ करताना ती अशक्त नव्हती.

तुझ्या अंकाला मी हो म्हटलं ते यासाठी. नागूबाई आता वाचते. पंथातल्या त्या दोन बायांनीच तिला शिकवलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, हळूहळू, पण एक अक्षर सोडत नाही. मी अंकात लिहितेय हे तिला कळलंय, आणि माझ्याबद्दल असेल तर मीच आधी वाचणार, असं तिने बजावून ठेवलंय. म्हणून इथे लिहिते, आणि हे वाक्य तू काढायचं नाहीस: नागूबाई, नळी यंत्राने सोडली नाही. मी सोडली, माझ्या या हाताने, सवयीने, बघितल्याशिवाय.

माफ करायचं की नाही ते ती ठरवील. कदाचित तिला आधीच कळलेलं असेल, तिला पुष्कळ गोष्टी कळतात. कदाचित ती पाटी उचलून निघून जाईल आणि परत यायची नाही. मला अंदाज येत नाही, आणि पन्नास वेळा विचार करूनही आला नाही.

तेव्हा अंक छापून आला की पोस्टाने पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये. ती गुरुवारी येते, तू बुधवारीच मुक्कामाला ये. ती पायरीवर बसून वाचत असेल तेव्हा मला आत एकटीला बसवणार नाही. ये बाई, लवकर ये.